डॉक्टरसाहेब, हर्निया कुठला?

(पाड्यांवरच्या रुग्णांना दवाखान्यात सोबत करणाऱ्या मंडळीतील स्वयंसेवकांच्या खोडाळा येथील बैठकीत केलेले भाषण.)



आपण पाड्यांवरच्या कुटुंबांबरोबर दवाखान्यात जाता, रांगेत उभे राहता, केसपेपर काढून देता. त्याबद्दल आभार मानायला पाळकसाहेब आहेत, मी ते काम त्यांच्यावर सोडते. मला आज एकच शब्द घ्यायचा आहे. हर्निया.

लहान मुलाला तपासून आईबाप खोलीबाहेर येतात. आपण विचारतो, "काय म्हणाले डॉक्टर?" उत्तर येतं, "हर्निया बोलले." "मग काय करायचं?" "नंतर या बोलले." इथं बोलणं संपतं. घरी जायची गाडी पकडायची असते, बरोबर आणखी दोन मुलं असतात. पण या दोन उत्तरांच्या मध्ये एक प्रश्न राहून गेलेला असतो, आणि कधी कधी त्या प्रश्नावर मुलाचा जीव असतो. तो प्रश्न म्हणजे, हर्निया कुठला?

आता थोडं शरीराबद्दल सांगते. पोटातल्या आतड्यांना पुढून स्नायूंची भिंत असते. त्या भिंतीत कुठे फट राहिली आणि तिच्यातून आतडं बाहेर डोकावलं, की त्याला हर्निया म्हणायचं. आपला जुना शब्द अंतर्गळ. लहान मुलांत ही फट बहुतेक करून दोन जागी सापडते, बेंबीत आणि जांघेत.

बेंबीचं असं असतं, की नाळ गळून पडल्यावर आतलं भोक पूर्ण बुजायला वेळ लागतो. मूल रडलं की बेंबी लिंबाएवढी फुगते, बोटाने दाबली की आत जाते. आईला ते बघवत नाही. पण बहुतेक मुलांत हे भोक चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत आपोआप बुजतं. त्यामुळे डॉक्टर म्हणतात, थांबा, आणि ते बरोबरच असतं. बेंबीवर नाणं ठेवून वरून फडकं आवळण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. त्याने भोक लवकर बुजत नाही, खालची कातडी मात्र सोलवटते.

जांघेचं उलट आहे. मुलगा आईच्या पोटात असताना त्याची अंडगोळी त्याच्या पोटातून खाली उतरते. उतरताना पोटातल्या पातळ पडद्याची एक नळी आपल्याबरोबर ओढून आणते. जन्माच्या सुमारास ही नळी बंद व्हायची असते. ती उघडी राहिली, तर मूल रडताना, खोकताना, शौचाला जोर करताना आतडं त्या वाटेने जांघेत आणि पुढे अंडकोशात उतरतं. पूर्ण दिवसांच्या १०० बाळांमागे १ ते ५ बाळांना हे होतं, अपुऱ्या दिवसांच्या बाळांत त्याहून कितीतरी जास्त. मुलींपेक्षा मुलग्यांना जास्त, आणि उजवीकडे जास्त, कारण उजवी गोळी डावीपेक्षा उशिरा उतरते. हा हर्निया वाट पाहून बरा होत नाही. गोळ्या नाहीत, मालीश नाही, पट्टा नाही. शस्त्रक्रिया करून ती नळी बांधावी लागते.

म्हणजे बघा, शब्द एकच. एका ठिकाणी त्याचा अर्थ "थांबा", दुसऱ्या ठिकाणी "थांबू नका". आणि पाड्यावर परत गेल्यावर शेजारीण सांगते, "माझ्या पोरालाही हर्निया होता. काही केलं नाही आम्ही, आपोआप गेला." ती खोटं बोलत नाही. तिच्या मुलाचा बेंबीचा होता. ऐकणारीच्या मुलाचा जांघेचा आहे, आणि त्या दोघींपैकी कुणालाच कुणी सांगितलेलं नाही की हे दोन वेगळे आहेत.

त्यात तिसरी भर म्हणजे अंडकोशात पाणी साठणं. तीही सूज जांघेखालीच दिसते. डॉक्टर अंधारात बॅटरी लावून बघतात, पाणी असेल तर उजेड आरपार दिसतो. तान्ह्या बाळात हे पाणी वर्ष-दोन वर्षांत बहुधा आपोआप ओसरतं. म्हणून "कुठला?" या प्रश्नाचं उत्तर केसपेपरवर नीट लिहून घ्यायला हवं. बेंबी की जांघ, उजवी की डावी, आतडं की पाणी. डॉक्टरांना हे लिहायला अर्धं मिनिट लागतं.

इथं जव्हार-मोखाड्यात या गोष्टीला आणखी एक कारण आहे. १९९२ मध्ये वावर-वांगणीत मुलं दगावली, तेव्हापासून या भागाचं नाव कुपोषणाशी जोडलं गेलं. योग्यच झालं, त्यामुळे निदान वजनकाटा अंगणवाडीपर्यंत पोचला. पण सगळ्यांची नजर वजनावर खिळली, आणि चड्डीखालची गाठ आईशिवाय कुणाला दिसत नाही. कमी दिवसांची, कमी वजनाची बाळं जिथं जास्त, तिथं जांघेचा हर्नियाही जास्त असणार, हे उघड आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी आईने स्वतः हजर राहून "याच्या जांघेत बघा" असं सांगितलं, तर पुढची वाट बरीच सोपी होते. आशाताईंना आणि अंगणवाडीताईंना हे सांगून ठेवा. त्या ऐकतात. त्यांच्यावर कामाचा बोजा किती असतो, ते मात्र विसरू नका.

आता अडचण अशी, की ही गाठ लबाड आहे. घरी पहाटे मूल रडलं तेव्हा अंड्याएवढी होती. आई त्याला कडेवर घेऊन चालत रस्त्यावर आली, जीपमधून खोडाळ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचली, तोवर मूल खांद्यावर झोपलं आणि गाठ आत गेली. डॉक्टर बघतात, काही दिसत नाही. "काही नाही बाई, घेऊन जा." आई खजील होते. आपण उगाच आलो असं तिला वाटतं, आणि पुढच्या वेळी ती येत नाही. डॉक्टरांचीही चूक म्हणता येत नाही, डोळ्यांना दिसलं नाही ते त्यांनी कसं लिहावं?

यावर सोपा उपाय आहे आणि तो आज बहुतेक पाड्यांवर कुणा ना कुणाच्या खिशात असतो. गाठ दिसेल तेव्हा मोबाईलवर फोटो काढा. दोन्ही जांघा एकाच फोटोत येऊ द्या, म्हणजे फरक कळतो. मुलाचा चेहरा त्यात येऊ देऊ नका, तो फोटो गटात पाठवू नका, प्रार्थनेसाठीसुद्धा नाही. फक्त डॉक्टरांना दाखवा. जांघेच्या हर्नियाचं निदान मुख्यतः बघून, हाताने चाचपून आणि आईची हकिकत ऐकून होतं, सोनोग्राफी प्रत्येक वेळी लागतेच असं नाही. मग आईने विचारावं, "साहेब, आत्ता दिसत नाही, पण काल अशी होती. त्याला उभं करून, खोकायला लावून एकदा बघाल का?" मोठं मूल असेल तर फुगा फुगवायला द्यावा. खिशात फुगा ठेवायला काय जातं?

मी "आईने विचारावं" म्हणाले. "आपण विचारावं" असं म्हणाले नाही, हे लक्षात घ्या. आपल्यापैकी पुष्कळजण शिकलेले आहेत, शहरातले आहेत. डॉक्टरही आपल्याकडे बघूनच बोलतात. दोन मिनिटांत आपलं आणि डॉक्टरांचं बोलणं इंग्रजी-मराठीत सुरू होतं, आणि जिच्या मांडीवर मूल आहे ती भिंतीकडे बघत बसते. घरी गेल्यावर रात्री दोन वाजता गाठ अडकली, तर तिथं आपण नसतो. तीच असते. म्हणून सगळं कळायला हवं ते तिला.

मार्कच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन येतो. आपण त्या शास्त्रभागावर बहुतेक वेळा विश्वासाबद्दलच ऐकतो. पण मध्ये एक लहानशी गोष्ट आहे. प्रभू त्या बापाला विचारतो, हे याला कधीपासून होत आहे? शिष्य तिथंच उभे असतात. पण विचारलं जातं बापाला आणि उत्तर देतो बाप, लहानपणापासून. मुलाबरोबर रात्री जागणाऱ्यालाच ते माहीत असतं. मला वाटतं, सोबत जाणाऱ्यांनी तिथल्या शिष्यांची जागा घ्यावी, एक पाऊल मागे.

मग आपलं काम काय? आदल्या दिवशी किंवा जीपमध्ये, आईबापांना काय काय विचारायचं आहे ते त्यांच्याकडूनच काढून घ्यायचं. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी कुटुंबांत घरची बोली वेगळी असते. दवाखान्यातली मराठी कानावर पडते, पण बोलायला जीभ वळत नाही. शिवाय "साहेब रागावतील" ही भीती असते. कधी साहेब खरंच रागावलेले असतात. ओपीडीबाहेर शंभर माणसं उभी असताना कुणाचाही आवाज चढेल. अशा वेळी सोबत्याने एवढंच म्हणायचं, "डॉक्टरसाहेब, या ताईंना तीन गोष्टी विचारायच्या आहेत." तीन म्हटलं की डॉक्टरांनाही दम येतो, त्यांना शेवट दिसतो. मग गप्प राहायचं. ती अडखळली तरी लगेच तोंड उघडायचं नाही. हे फार कठीण आहे, मला माहीत आहे.

डॉक्टरांनी सांगून झालं की शेवटी आईने आपल्या शब्दांत ते परत सांगावं. "म्हणजे साहेब, याच्या उजव्या जांघेत आतडं उतरतं, ते आपोआप जाणार नाही, बरोबर?" चूक असेल तर डॉक्टर तिथंच दुरुस्त करतात. एका पाड्यावरच्या आईने असं परत सांगितलं तेव्हा डॉक्टर खुर्चीत सरळ बसले आणि कागदावर पोटाचं चित्र काढून दाखवू लागले. त्या चित्राचा कागद तिने जपून ठेवला आहे. तो कागद पुढे त्या घरातल्या आजीला पटवायला कामाला आला, माझ्या शंभर वाक्यांपेक्षा जास्त.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, केव्हा?

जांघेच्या हर्नियात भीती असते ती आतडं त्या फटीत अडकण्याची. अडकलं की त्याचा रक्तपुरवठा आवळला जातो, आतडं काळं पडू शकतं, अंडगोळीही खराब होऊ शकते. हा धोका पहिल्या वर्षात सर्वांत जास्त. कॅनडातला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात निदानानंतर शस्त्रक्रियेसाठी १४ दिवसांहून अधिक थांबलेल्या तान्ह्या बाळांत गाठ अडकण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट दिसलं. म्हणून तान्ह्या बाळाच्या बाबतीत "नंतर या" हे उत्तर अपुरं आहे. नंतर म्हणजे कुठल्या तारखेला?

पण याचा अर्थ असा घेऊ नका की थांबा म्हणणारा डॉक्टर चुकतोच. अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर भुलेचा धोका जास्त असतो, भूल उतरल्यावर श्वास थांबू शकतो. अमेरिकेत अशा बाळांवर झालेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बाळ थोडं मोठं होईपर्यंत थांबून शस्त्रक्रिया केली तेव्हा गुंतागुंत कमी दिसली. तेव्हा भांडायचं नाही, कारण विचारायचं. "साहेब, थांबायचं ते कशासाठी?" वजन कमी म्हणून? मग किती किलो व्हायला हवं? ते कोण मोजणार? ग्राम बाल विकास केंद्रात दाखल करायचं का? रक्त कमी म्हणून? मग औषध किती दिवस, आणि परत तपासणी कधी? सर्जन नाहीत म्हणून? मग चिठ्ठी देऊन जव्हारला पाठवा, नाशिकला पाठवा. प्रत्येक "थांबा"च्या मागे एक कारण असतं, आणि कारण कळलं की आईला थांबण्यातही काम मिळतं. नुसतं थांबायला सांगितलं की माणूस विसरतो.

आणि आपल्याकडच्या वर्षाचा हिशेब डॉक्टरांना सांगायलाच हवा. ते बाहेरून आलेले असतात, दर वर्षी बदलतात. दिवाळी झाली की निम्मा पाडा भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातो. उचल घेतलेली असते, मालक मध्ये सोडत नाही. पावसाच्या तोंडावर माणसं परततात, मग नांगरणी, आवणी. डॉक्टर सहजपणे "दोन महिन्यांनी या" म्हणतात, आणि दोन महिन्यांनी हे कुटुंब खोडाळ्यात नसतं. म्हणून आईबापांनी आपणहून बोलायचं, "आम्ही दिवाळीनंतर भट्टीवर जाणार. त्याआधी होईल का? नाही झालं तर तिथं जवळ कुठल्या दवाखान्यात दाखवायचं?" अशी चिठ्ठी नावाने मिळाली तर भिवंडीच्या दवाखान्यात पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

तारीख मिळेपर्यंतच्या दिवसांसाठी एक प्रश्न न विचारता उठायचं नाही. "गाठ आत गेली नाही तर काय करू?" याचं उत्तर मी इथं सांगते, कारण हे तुम्हा सर्वांना पाठ हवं. गाठ घट्ट झाली, हात लावला की मूल किंचाळतं, शांत झोपवूनही आत जात नाही, उलट्या होतात, उलटी हिरवी येते, पोट फुगतं, गाठीवरची कातडी लाल-निळी दिसते, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. जोर लावून दाबायची नाही. खायला-प्यायला काही द्यायचं नाही, अंगावरचं दूधसुद्धा नाही. १०८ ला फोन करायचा. ही मोफत रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. पाड्यावर रेंज नसते हे मी सांगायला नको. म्हणून रेंज कुठल्या टेकाडावर मिळते आणि रात्री कुणाची गाडी मिळू शकते, हे आधीच ठरवून ठेवायचं. डॉक्टरांना हेही विचारायचं, की अशा वेळी आधी मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊ, का थेट जव्हारला? मूल भरती करून शस्त्रक्रिया कुठे होऊ शकेल हे त्यांना माहीत असतं. रात्री अंधारात तीन दवाखाने फिरण्यात जे तास जातात, ते आतड्याला परवडत नाहीत.

भगताबद्दल एक शब्द. कुटुंब आधी भगताकडे गेलं असेल तर डॉक्टरांसमोर त्यांना खाली बघायला लावू नका. मंडळीतल्या माणसांना तो मोह होतो. पोटावर डागलं आहे का, काही पाजलं आहे का, एवढं डॉक्टरांना शांतपणे कळलं पाहिजे, कारण त्याचा भुलेशी संबंध येतो. ओरडलात तर ते लपवतील.

शस्त्रक्रिया ठरली की पुढचे प्रश्न येतात, आणि इथं आईबापांची भीती वेगळीच असते. पुष्कळांना वाटतं की पोट उभं फाडणार, आत जाळी बसवणार. गावातल्या एखाद्या मोठ्या माणसाला जाळी बसवलेली त्यांनी बघितलेली असते. मुलांत जाळी लागत नाही. जांघेच्या घडीत छोटा छेद घेऊन ती नळी वर बांधतात, एवढंच. धडधाकट मूल बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातं. अपुऱ्या दिवसांच्या तान्ह्याला रात्रभर लक्षाखाली ठेवावं लागतं. हे विचारून घेतलं तर बाप किती दिवसांची मजुरी बुडेल याचा अंदाज बांधू शकतो. त्याला तो हिशेब करावाच लागतो, त्याला कठोर समजू नका.

विचारायचं ते असं. शस्त्रक्रिया कोण करणार, लहान मुलांचे सर्जन की सर्वसाधारण सर्जन? भूल देणारे डॉक्टर लहान मुलांना नेहमी भूल देतात का? वय वर्षाच्या आत असेल तर हा प्रश्न फार मोठा आहे, आणि त्यासाठी नाशिक, ठाणे किंवा मुंबई गाठावी लागली तर गाठावी. परळचं बाई जेरबाई वाडिया रुग्णालय १९२९ पासून केवळ मुलांसाठीच आहे. कसाऱ्याहून लोकलने दादरला उतरलं की तिथून ते जवळ पडतं. दुसरीकडची जांघही तपासली का? दोन्ही गोळ्या खाली उतरल्या आहेत का? हर्नियाबरोबर न उतरलेली गोळी पुष्कळदा सापडते, आणि तिचं काम दीड वर्षाच्या आत झालेलं बरं. मुलगी असेल तर गाठीत आतड्याऐवजी बीजकोश असू शकतो. मुलीच्या जांघेतली न दुखणारी गाठही "असू दे" म्हणून सोडायची नाही.

आणखी एक प्रश्न, जो शहरातल्या कुटुंबांना सुचणार नाही. "साहेब, सिकलसेलची तपासणी झाली आहे का?" आपल्या आदिवासी भागात हा आजार रक्तातून, पिढ्यांतून येतो. सिकलसेल असलेल्या मुलाला भूल देताना शरीरातलं पाणी कमी पडू न देणं, अंग गार पडू न देणं, प्राणवायू जपणं ही काळजी आधीपासून घ्यावी लागते, आणि डॉक्टरांना आधी माहीत असेल तर ती घेता येते. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, त्यात तपासणीनंतर कार्ड देतात. घरात कुणाकडे ते कार्ड असेल तर बरोबर न्यायचं.

उपाशी ठेवण्याबद्दलही नीट विचारा. सर्वसाधारण रीत अशी, की भुलेआधी जेवण आणि वरचं दूध सहा तास बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. पण त्या दिवशीची वेळ भुलेचे डॉक्टरच सांगतील, तीच पाळायची. पहाटे चारला उठून निघालेली आई मूल रडतं म्हणून गाडीत बिस्किट देते, आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. तिला "उपाशी ठेवा" एवढंच सांगितलेलं असतं, का ते सांगितलेलं नसतं. भुलेत उलटी होऊन ती फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो, हे कळलं तर कुठलीच आई बिस्किट देणार नाही.

पैशाचं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. खाजगी किंवा मोठ्या रुग्णालयात जावं लागलं तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्र बसतात. ही शस्त्रक्रिया योजनेत इथं होईल का, कुठले कागद लागतील, बाहेरून औषध आणावं लागेल का, हे भरती होण्याआधी त्यांना विचारायचं. बाळाचं आधार कार्ड आणि रेशनकार्डावर नाव नसणं हा आपल्याकडचा नेहमीचा अडसर आहे. हर्नियाची वाट न बघता ते काम आत्ताच करून ठेवा. मुलाची शस्त्रक्रिया बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकामार्फतही होऊ शकते, म्हणून त्यांचं पत्र बरोबर असलेलं बरं.

मग येतो संमतीचा कागद. सिस्टर कागद पुढे करतात, "इथं अंगठा." बाप अंगठा देतो. हे सगळ्यांनी पाहिलं आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी स्पष्ट केलं आहे, की उपचार काय आहे, कशासाठी आहे, धोका काय, दुसरा पर्याय काय आणि नाकारलं तर काय होईल, हे सांगून घेतलेली संमती हीच खरी संमती. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही माहितीचा, कागदपत्रांच्या प्रतीचा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा हक्क आहे. पण दवाखान्यात जाऊन निकालाचं नाव घेऊ नका, त्याने दार बंद होतं. बापाने एवढंच म्हणावं, "सिस्टर, अंगठा देतो. आधी यात काय लिहिलंय ते वाचून दाखवा." मी आजवर एकही सिस्टर बघितली नाही जिने हे ऐकून वाचून दाखवलं नाही. एक-दोघींनी कपाळाला आठ्या घातल्या, पण वाचलं.

शस्त्रक्रियेनंतरचे प्रश्न लहान आहेत, पण ते सोडल्यामुळेच फेऱ्या वाढतात. टाके विरघळणारे आहेत की काढायचे? आंघोळ केव्हा? पाच-सात वर्षांचं मूल झाडावर चढेल, ओढ्यात उडी मारेल, ते किती दिवस थांबवायचं? जखमेतून पू आला, ताप आला, तर कुणाकडे? अंडकोश थोडे दिवस सुजलेला राहू शकतो, त्याला घाबरून हर्निया परत आला असं समजू नका, पण शंका आली तर दाखवा. दुसऱ्या बाजूला पुढे गाठ येऊ शकते, तेव्हा त्याही बाजूला आईची नजर राहू द्या.

केसपेपर, रक्ताचा अहवाल, सुट्टीचा कागद या तिन्हींचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, आणि मूळ कागद दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधून आईच्या हातात द्या. आपल्या फाईलमध्ये ठेवू नका. इथल्या पावसात कुडाच्या घरात कागद टिकत नाही, आणि दिवाळीनंतर ती भट्टीवर जाईल तेव्हा तो कागद तिच्या गाठोड्यात असायला हवा.